इराच्या पोटाबद्दल दुसरं मत

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. एक तारखेलाच सुरू करणार होतो, पण बनारसच्या थंडीत रजईबाहेर हात काढवेना. ही फक्त माझ्यासाठी आहे. नंदाने वाचू नये. वाचणारही नाही, तिला माझं अक्षर लागत नाही.

यंदाचे संकल्प दोनच. पुण्याला बदली मिळवायची. आणि चिडायचं नाही.

बँकेने मला इथे पाठवलं तेव्हा इरा चार वर्षांची होती. आता नऊची आहे आणि झोपेत हिंदी बोलते. काल रात्री म्हणाली, अरे छोड़ न यार. मराठी घरातली मुलगी! यावर उपाय एकच, पुणे.

संध्याकाळी मुकुलचा फोन. धाकटा भाऊ असला तरी कामाचा आहे. कोथरूडला फ्लॅट बघून ठेवलाय, शाळेतही शब्द टाकलाय. मी मुद्दाम स्पीकर लावला, म्हणजे घरात सगळ्यांना आनंद घेता येईल. इरा अर्ध्या जेवणातून उठली. पोट दुखतंय म्हणाली.

दुपारी पेरू खाल्ला होता. पेरू बंद.

६ जानेवारी, मंगळवार

परत पोट. पेरू नाही, तरी. म्हणजे पेरू निर्दोष. दूध बंद.

आम्ही मंगला गौरीच्या देवळापाशी राहतो, शरदिनीकाकूंच्या वरच्या मजल्यावर. काकूंच्या सात पिढ्या काशीत गेल्या. मराठी बोलतात, पण अर्धी गाडी हिंदीच्या रुळावर. म्हणाल्या, रत्नाकरराव, इतकं परेशान नका होऊ, मी नजर उतरवते. मग मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि बेंबीला हिंग लावला. इरा त्यांच्या नातीबरोबर, मुक्ताबरोबर, खाली खेळायला गेली आणि दोन तास वर आलीच नाही.

हिंग लागू पडला असं काकू म्हणतात. मी विज्ञान मानतो. दूध बंद केल्याचा परिणाम.

८ जानेवारी, गुरुवार

छे! मुकुलने पुण्याच्या शाळेचा व्हिडिओ पाठवला. मी टीव्हीवर लावला. केवढं मैदान, केवढी बाकं! इरा पोट धरून गादीवर आडवी. शेवटचा भाग, ज्यात संगीताची खोली आहे, तो तिने पाहिलाच नाही.

नंदा म्हणाली, तुम्ही तिला एकदा नीट विचारा ना. आता यात विचारायचं काय? मी बाप आहे, मला दिसतंय. उजवीकडे खाली दुखतंय. नेटवर तासभर वाचलं. अपेंडिक्स.

शनिवारी डॉक्टर. इकडेतिकडे नाही, सरळ निर्णय.

१० जानेवारी, दुसरा शनिवार

बँकेला सुट्टी. इराला दुर्गाघाटच्या गल्लीतल्या डॉक्टर दिनानाथांकडे नेलं. पंचाहत्तरीचे आहेत, माकडटोपी घालून तपासतात. अख्खा मोहल्ला त्यांच्याकडे जातो, यातच सगळं आलं. गर्दी असते तिथे दर्जा नसतो.

त्यांनी इराला विचारलं, बिटिया, कहाँ दुखता है? मी लगेच उजव्या बाजूला खाली बोट ठेवून दाखवलं. इराने हात बेंबीच्या वर ठेवला. मी तो खाली सरकवला. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलं, बच्ची है, उसको जागा बताने नहीं आता.

मग विचारलं, कैसा दुखता है? मी म्हणालो, टोचता है, बीच बीच में कळ मारता है. डॉक्टर दोनदा म्हणाले, जी? वयामुळे ऐकू कमी येत असावं. माझं हिंदी उत्तम आहे.

सोनोग्राफी आणि रक्त तपासायला सांगितलं. चला, निदान सुरुवात झाली.

१३ जानेवारी, मंगळवार

हद्द झाली!

सगळे रिपोर्ट नॉर्मल. अपेंडिक्स उत्तम, यकृत उत्तम, जंतसुद्धा नाहीत. दिनानाथ म्हणाले, दर्द सच्चा है, पर पेट में वजह नहीं है. म्हणे, बिटिया के मन पर कोई बोझ है क्या? स्कूल में, घर में?

मी ताडकन उठलो. म्हणजे माझी मुलगी नाटक करते? आणि घरात म्हणजे? घरात मी आहे, नंदा आहे. ओझं कुठलं? शाळा तर थंडीमुळे बंद आहे! हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, मैंने नाटक नहीं कहा. म्हटलं, अर्थ तोच होतो. इरा काहीतरी सांगू पाहत होती, पण मी आधीच तिला घेऊन पायऱ्या उतरलो होतो.

मोठ्या शहरात लोक सरसकट दुसरं मत घेतात. मीही घेणार, हे त्यांना पायऱ्यांवरूनच ओरडून सांगितलं. दुसरं मत!

घरी येऊन नंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पण ते बरोबरच सांगतायत. नंदाला माणसांची पारख नाही. लग्नाच्या वेळीच लक्षात यायला हवं होतं, असं मी तिला म्हणालो. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी विषय बदलला.

१५ जानेवारी, गुरुवार. खिचडी

आपली संक्रांत, यांची खिचडी. इरा आणि मुक्ता सकाळपासून गच्चीवर. पतंग. आरडाओरडा. भक्काटा, भक्काटा! पतंग कापला की इथे असं ओरडतात. तिळाचे लाडू, चूडा-मटर, काकूंकडचं काय काय, आणि माझी नजर चुकवून दोन कुल्हड मलइयो. तो दुधाचा फेस, थंडीतच मिळतो, मी परवाच बंद केलाय. दिवसभर पोटाचं नाव नाही. उंचावरची हवा मानवली.

संध्याकाळी तिचं कौतुक म्हणून जाहीर केलं की पुढच्या संक्रांतीला पुण्यात पतंग उडवू, गच्ची मोठी आहे तिथे. पाच मिनिटांत गुडघे पोटाशी.

तीळ उष्ण असतात. तीळ बंद. मलइयो तर बंद आहेच, आता कडक बंद.

१९ जानेवारी, सोमवार

आज एक विचार सुचला, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश आहे.

बदलीचा अर्ज दोन वर्षं पडून आहे. नुसतं 'स्वगृही जाण्याची इच्छा' याला हेड ऑफिस विचारत नाही. पण मुलीचं आजारपण? निदान होत नाही, पुण्यात तज्ज्ञ आहेत, भाऊ आहे. याला मेडिकल ग्राउंड म्हणतात. आमच्या मॅनेजर तिवारीजींनीही मान डोलावली. म्हणाले, रिपोर्ट लगा दीजिए, हम मानवीय आधार पर लिख देंगे. एखाद्या तज्ज्ञाने 'पुण्यातच उपचार हवेत' असं लिहून दिलं तर दगडावरची रेघ.

दुसरं मत मात्र मी फक्त इरासाठी घेतोय. बदलीशी त्याचा काही संबंध नाही. योगायोग.

रिपोर्ट जोडून अर्ज पाठवला. घरी बातमी दिली. इराला सांगितलं, बघ, तुझ्या पोटामुळे आपण पुण्याला चाललो! तिला आनंद व्हायला हवा होता. ती जेवलीच नाही.

२१ जानेवारी, बुधवार

योजना: पहाटे उठून मोठ्या सरकारी हॉस्पिटलची रांग. सगळ्यात पहिला नंबर.

प्रत्यक्षात: गजर वाजला नाही. (नंदा म्हणते वाजला, तुम्ही बंद केलात. पुरावा नाही.) गल्लीत बैल आडवा बसलेला. लोक त्याला ओलांडून जात होते, मी नियमाने वाट पाहिली. मैदागिनला ई-रिक्षा मिळेपर्यंत धुकंही गेलं. पोचलो तर कागदांची फाइल घरी.

तरी रांगेत उभा राहिलो. मतं मात्र फुकट मिळाली. एका मावशींच्या मते कावीळ. एका वकिलाच्या मते मोबाइल. एक काका म्हणाले, नाभि खिसक गई है, म्हणजे बेंबी सरकली आहे, अभी बैठा देते हैं. आणि इराचे अंगठे ओढायला लागले. तिला गुदगुल्या झाल्या. किती दिवसांनी हसली पोरगी! खिदळत होती. मला वाटलं, बसली बेंबी.

नंबर आला नाही. घरी येताना आनंदात मुकुलला फोन लावला. फोन संपेपर्यंत बेंबी परत सरकली होती.

२२ जानेवारी, गुरुवार

आज चेष्टा नाही.

दुपारी घरी आलो तर इरा कोपऱ्यात, हात पोटावर, कपाळावर घाम. थंडीत घाम. पाठीवर हात फिरवला तर एवढीशी पाठ, लाकडासारखी ताठ. म्हणाली, बाबा, खूप दुखतं, खरंच दुखतं, तुला खोटं वाटतं का? म्हटलं, नाही ग बाळा. तिचा हात धरून बसून राहिलो.

मला भीती वाटते. काहीतरी भयंकर असेल आणि कोणालाच दिसत नसेल तर? हे मी नंदालाही सांगितलेलं नाही. कर्ता माणूस असा घाबरलेला बरा दिसत नाही.

लहान मुलांच्या पोटाचे तज्ज्ञ शोधले. डॉ. संपदा. चक्क मराठी! नागपूरच्या. शनिवारची वेळ मिळाली. आपलं माणूस आपलं दुखणं समजून घेईल. हे आधीच करायला हवं होतं.

२४ जानेवारी, चौथा शनिवार

अत्यंत चीड आणणारा दिवस.

सुरुवात उत्तम. मी मराठीत नमस्कार केला, त्यांनी मराठीत केला. इथला भोसले घाट नागपूरकरांचा, तेव्हा नागपूर आणि काशी यांचं नातं जुनं, वगैरे बोललो. त्या ऐकत होत्या, पण घड्याळाकडे बघत. मग सगळी केस मांडली. पेरू, दूध, तीळ, मलइयो, बेंबी. जाता जाता सुचवलं की पुण्यातले उपचार लिहून दिलेत तर बरं होईल.

त्यांनी इराला विचारलं, कुठे दुखतं ग? मी बोट उचललं. त्या म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसता का?

बाहेर! मी! बापाला बाहेर काढून आई आत! दाराला काच होती. बघत बसलो. पहिल्यांदा इरा खाली मान घालून. मग एक वाक्य. मग दुसरं. मग हात हलवायला लागली. हिंदीत बोलत होती, ओठांवरून कळत होतं. काहीतरी उडवून दाखवलं, पतंग असावा. मग रडली. नंदाने तिला जवळ घेतलं. मग पुन्हा बोलत सुटली. एवढा वेळ बोलताना मी तिला घरात पाहिलेलं नाही. माझ्यापाशी ती दोन शब्दांत आटपते. मी बोलण्यात गुंतलेला असतो म्हणून असेल.

शेवटी आत बोलावलं. डॉ. संपदांनी पोट तपासलं होतं, रिपोर्ट पाहिले होते. म्हणाल्या, दुखणं खरं आहे, पोटात कारण नाही. शब्द न् शब्द तोच! म्हटलं, मग पुणे? त्या म्हणाल्या, पुण्याचंच तर आहे. आणि इराला म्हणाल्या, बाबांना तू सांगशील की मी सांगू?

इरा म्हणाली, घरी जाताना सांगते.

ई-रिक्षात सांगितलं. माझ्या बाजूला न बघता, समोरच्या आरशाशी बोलल्यासारखं. मुझे नहीं जाना पुणे. तू फोनवर पुणे पुणे करतोस ना, तेव्हा आतून पिळल्यासारखं होतं. मुक्ता इथे आहे. काकूआजी इथे आहे. तिथे माझं कोणीच नाही, मला तिथली मराठीपण नीट येत नाही, सगळे हसतील. आणि तू म्हणालास ना, माझ्या पोटामुळे चाललोय. मेरी वजह से. मग मला बरंच वाटू नये असं वाटलं, नाहीतर तू चिडशील. आणि बरं वाटायला पाहिजे असंपण वाटलं, नाहीतर जावं लागेल.

मला हे पटलेलं नाही. मुलांना नवीन जागेची सवय होते. आणि शब्दाने कधी पोट दुखतं का?

 

२६ जानेवारी, सोमवार

प्रयोग केला. विज्ञान मानायचं तर प्रयोग हवाच.

मुकुलला न्हाणीघरातून फोन लावला. नळ सोडलेला. आवाज अगदी बारीक. पुणे हा शब्द एकदाही उच्चारला नाही, नुसतं 'तिकडे' म्हणालो. बाहेर आलो. इरा गादीवर, गुडघे पोटाशी. म्हणाली, काही नाही बाबा, थोडंसंच दुखतंय, तू बोल काकाशी.

मला वाईट वाटू नये म्हणून ती थोडंसंच म्हणाली.

इतका राग आला! कोणाचा ते कळेना. नळाचा असावा, तो गळत होता.

२ फेब्रुवारी, सोमवार

बदलीची ऑर्डर आली.

पुणे. मानवीय आधार, कन्येचं आजारपण. तिवारीजींनी सगळ्यांसमोर वाचली, पेढे मागवले. दोन वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली तो हातात, आणि मी खुर्चीत बसून राहिलो. पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

घरी कोणाला सांगितलं नाही. इरा आणि मुक्ता जिन्यात बसून अभ्यास करत होत्या. आठवडाभर मी त्या शहराचं नाव काढलेलं नाही, आणि आठवडाभर पोट दुखलेलं नाही. पोरगी दोन पोळ्या जास्त खाते. यावरून काही सिद्ध होत नाही, असं लिहिणार होतो.

सिद्ध होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

तिवारीजींना सांगितलं, नको बदली. कारण विचारलं. म्हटलं, पुण्याची हवा आता पूर्वीसारखी राहिली नाही, ट्रॅफिक फार वाढलंय. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, भाईसाहब, बिटिया बीमार है, यही तो हमने लिखा था. आता बिटिया ठीक असेल तर तसं डॉक्टरचं लिहून आणा, नाहीतर आपण दोघंही खोटे पडू. आणि ज्यांचे रिपोर्ट लावले होते त्यांचंच आणा.

म्हणजे दिनानाथ.

नंदाला सांगितलं. वाटलं होतं, टोमणा मारेल. तिने चहा केला, आलं घालून, आणि शेजारी बसली. मी म्हणालो, थंडी आज कमी आहे. ती म्हणाली, हो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिनानाथांकडे गेलो. माकडटोपी तशीच. मला ओळखलं. विचारलं, दूसरी राय क्या निकली? म्हटलं, वही, जो आपका था. ते हसले नाहीत, हे मात्र मानलं पाहिजे.

मग इराकडे वळले. अब कैसा है, बिटिया? मी तोंड उघडलं. मिटलं. छताच्या पंख्याकडे बघत राहिलो. या कामाला किती जोर लागतो हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही.

इराने सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. पेरू बंद केल्याचं, अंगठे ओढल्याचं, नळ सोडून फोन केल्याचंसुद्धा. म्हणाली, हमारे बाबा पूछते नहीं हैं, बता देते हैं. बाहेर बसलेल्या पेशंटांनीही ऐकलं. उद्यापर्यंत दुर्गाघाट ते मंगला गौरी सगळ्यांना कळलेलं असेल.

दिनानाथांनी लिहून दिलं. येताना इराला मलइयो हवं होतं. शेवटचे दिवस, ऊन चढायला लागलंय, तरी एका ठेल्यावर मिळालं. तिने तीन कुल्हड खाल्ले. मी दोन.

घरी आलो आणि आठवलं, मुकुलला सांगायचंय. फ्लॅटवाल्याला त्याने शब्द दिलाय, शाळेत त्याची शोभा होणार, आणि मी म्हणजे दोन वर्षं त्याचं डोकं खाल्लेलं. फोन हातात घेतला. ठेवला. परत घेतला. आणि पोटात असा काही पीळ बसला की मी मटकन खाली बसलो.

मलइयो, दुसरं काय.

इरा आली, समोर मांडी घालून बसली. विचारलं, बाबा, कुठे दुखतंय? नंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, त्यांना काही झालेलं नाही, काकाला फोन करायचाय म्हणून दुखतंय. इरा म्हणाली, आई, तू नको ना सांगू. त्याला बोलू दे.

आणि थांबून राहिली.

मी हात पोटावर ठेवला. बेंबीच्या वर.